पुण्यातून पहिल्यांदाच अंडरग्राउंड कोळसा खाणीत कामाला जाताय? उतरण्याआधी हे वाचून घ्या

पुण्याच्या आसपास कोळसा नाही, आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण. त्यामुळे इथल्या पोरांनी खाण बघितलेली नसते. पण भोसरी, चिंचवड, चाकणच्या वर्कशॉपमध्ये बनलेले पंप, गिअरबॉक्स, कन्व्हेयरचे रोलर, हायड्रॉलिक सिलिंडर, पॅनल हे सगळं खाणीत जातं, आणि मग कधीतरी ते बिघडतं किंवा बसवायचं असतं आणि सर्व्हिस इंजिनिअरला बॅग भरून नागपूर, चंद्रपूर, वणी नाहीतर थेट तेलंगणातल्या सिंगरेनीला किंवा झारखंडातल्या धनबादला पाठवतात. माझी नोकरी विदर्भातल्या अंडरग्राउंड खाणींमध्ये गेली, शेवटची बरीच वर्षं सेफ्टीचंच काम होतं, आता मुलाकडे मोशीला राहतो. ओळखीपाळखीतली पोरं जायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारतात की काका, तिथे नेमकं काय सांभाळायचं. फोनवर दहा मिनिटांत काय सांगणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. खाणीत बाहेरून आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धोका असतो तो घाईचा. परतीचं तिकीट काढलेलं असतं, ऑफिसमधून साहेबाचा फोन येऊन गेलेला असतो की आजच्या शिफ्टमध्ये मशीन चालू करून सर्व्हिस रिपोर्टवर सही घेऊनच ये, आणि मग मायनिंग सरदार, म्हणजे खालच्या त्या भागाची सुरक्षा बघणारा सुपरवायझर, जेव्हा म्हणतो की थांबा, अजून तिकडे जाऊ नका, तेव्हा तुमच्या मनात येतं की अर्ध्या तासाचं काम आहे, पटकन उरकून टाकू. हे पटकन उरकणं खाणीत चालत नाही. खाली मायनिंग सरदार आणि त्याच्या वरचा ओव्हरमन या दोघांना कायद्याने अधिकार आहे, आणि तीच त्यांची ड्युटी पण आहे, की जागा धोक्याची वाटली तर माणसं बाहेर काढायची. ते थांब म्हणाले की थांबायचं, वाद घालायचा असेल तर वर आल्यावर घाला.

पुण्यातच करायची तयारी

खाणीला आधी माइन्स अॅक्ट १९५२ लागू होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा कामगार सुरक्षेच्या नव्या कायद्याने, म्हणजे ओएसएच कोड २०२० ने, घेतलीय, आणि कोळसा खाणींसाठी कोल माइन्स रेग्युलेशन्स २०१७. हे सगळं बघणारं ऑफिस म्हणजे डीजीएमएस, डायरेक्टरेट जनरल ऑफ माइन्स सेफ्टी, सुरू झालं १९०२ मध्ये, आता धनबादला. तुम्ही खाणीचे कामगार नसलात तरी आत काम करणार म्हणजे नियम तुम्हालाही लागू. त्यामुळे जायच्या आधी खाणीच्या ऑफिसला मेल करून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: मेडिकल कोणतं लागेल, व्हीटी म्हणजे व्होकेशनल ट्रेनिंग किती दिवसांचं करावं लागेल, आणि तुमच्यासोबत खाली कोण असेल. व्हीटी हा वेळेचा अपव्यय आहे असं समजून कंपन्या तो टाळायला बघतात, एक दिवसाची व्हिजिटर परवानगी काढू म्हणतात. बघायला जाणं वेगळं आणि हातात पाना घेऊन मशीन खोलणं वेगळं. व्हीटी पूर्ण करा, त्यात सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे धुरात श्वास घेता यावा म्हणून कमरेला लावायचा डबा, हाताळायला मिळतो, तेवढ्यासाठी तरी करा.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, नायलॉन-पॉलिस्टर नको, त्यात स्टॅटिक चार्ज तयार होतो. अंगठी, गळ्यातली चेन, कडं काढून घरीच ठेवा. पोटभर नाश्ता करून जा आणि पाण्याची मोठी बाटली जवळ ठेवा, कारण चालायचंच भरपूर असतं, कित्येक खाणींत फेसपर्यंत, म्हणजे कोळसा काढतात त्या जागेपर्यंत, दोन-तीन किलोमीटर उतरणीवर चालत जावं लागतं आणि येताना तेच सगळं चढायचं. घरी सांगून ठेवा की शिफ्टभर फोन लागणार नाही.

फोनवरून आठवलं. मोबाइल, स्मार्टवॉच, पॉवर बँक, लॅपटॉप, बॅटरीवरचं ड्रिल, साधा टॉर्च, कॅमेरा, यातलं काहीही आत नेता येत नाही, खाणीसाठी मान्यता असलेलं सोडून. विडी, सिगारेट, काडेपेटी, लायटर तर सोडाच, तो गुन्हा आहे आणि खाणीच्या तोंडावर झडती होते. झडती घेणाऱ्याचा राग मानू नका, उलट खिसे स्वतःहून उलटे करून दाखवा. पॅनलचा फोटो काढायचा असेल, लॅपटॉप लावून पॅरामीटर बदलायचे असतील तर ते खाली कसं करणार हे पुण्यातच ठरवा, मॅनेजरची लेखी परवानगी लागेल किंवा कार्ड वर आणून काम करावं लागेल.

खाली उतरायच्या आधी

लॅम्परूममधून कॅप लॅम्प आणि सेल्फ रेस्क्यूअर मिळतो, दोन्हीचा नंबर तुमच्या नावापुढे लिहिला जातो. लॅम्प तिथेच लावून बघा, केबल कुठे सोललीय का बघा. सेल्फ रेस्क्यूअरचं सील शाबूत आहे का, डब्याला मोठा पोचा तर नाही ना, तारीख काय आहे हे बघून मगच घ्या आणि कमरेला लावा. खाली गेल्यावर कमरेला टोचतो म्हणून काढून मशीनवर ठेवणारे खूप बघितलेत मी. धूर आला की दहा पावलांवरचं मशीनसुद्धा दिसत नाही, तेव्हा तो डबा कमरेलाच पाहिजे.

मग तुमच्या सोबतच्या ओव्हरमनला नकाशा दाखवायला सांगा. सगळा नकाशा कळायची गरज नाही, एवढंच विचारा: आपण ज्या जागी काम करणार तिथे हवा कुठून येते आणि कुठून जाते, आणि बाहेर पडायचे दोन रस्ते कोणते. खाणीला दोन तोंडं असतातच, एकातून ताजी हवा आत येते, तो इनटेक, आणि दुसऱ्या तोंडावर मोठा फॅन बसवलेला असतो, तो वापरलेली हवा ओढून घेतो, तो रिटर्न. चालताना दर वळणावर चेहऱ्यावर वारा लागतोय की पाठीवर हे लक्षात ठेवत गेलात तर अंधारातही दिशा चुकत नाही. वाटेत हवेचे दरवाजे लागतात, जोडीने असतात, एक बंद झाल्यावरच दुसरा उघडायचा. सामान नेताना सोयीचं पडतं म्हणून दोन्ही दगड लावून उघडे ठेवले तर पुढच्या अख्ख्या भागाची हवा तुटते, आणि तिथे काम करणाऱ्यांना ते कळतही नाही.

छत, म्हणजे डोक्यावरचा पहिला शत्रू

पुण्यातल्या पोरांनी मेट्रोचा बोगदा बघितलाय, शिवाजीनगर ते स्वारगेट. तो डोक्यात ठेवून खाणीत जाऊ नका. मेट्रोच्या बोगद्याला आतून काँक्रीटचं पक्कं अस्तर आहे आणि तो कायम उभा राहावा म्हणून बांधलाय. कोळसा खाणीत आपण थरातला कोळसा काढून घेतो, मध्ये कोळशाचेच खांब, म्हणजे पिलर, सोडतो आणि वरच्या दगडाला रूफ बोल्टने शिवून धरतो. पुढे तेच पिलर काढायचे असतात, त्याला डीपिलरिंग म्हणतात, आणि तेव्हा मागचं छत मुद्दाम पडू दिलं जातं. पडलेल्या त्या भागाला गोफ म्हणतात. म्हणजे छत हलणं हे इथे ठरलेलंच आहे. आपल्या देशातल्या अंडरग्राउंड कोळसा खाणींत छत कोसळून माणसं जाण्याचं प्रमाण कायम वरच्या नंबरला राहिलंय, आणि बऱ्याचदा मोठं काही कोसळलेलं नसतं, दोन हाताएवढी एक सैल पाटी निसटते आणि खालच्या एका माणसाचा जीव जातो.

छत कसं तपासतात ते नीट बघून घ्या. सरदार आधारलेल्या छताखाली उभा राहून पुढच्या छतावर लोखंडी बार किंवा काठीचं टोक मारतो. घट्ट दगड खणखणीत वाजतो, हाताला झिणझिण्या येतात. सैल असेल तर भद्द, पोकळ आवाज येतो. मग तो दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवून परत मारतो, कारण जाड थर वेगळा झालेला असेल तर आवाज कधी कधी बरा येतो पण बोटांना थरथर जाणवते. सैल निघालं की लांब बारने पाडतात, त्याला ड्रेसिंग म्हणतात, आणि ते करताना पाडणारा माणूस बाजूला आणि आधाराखाली उभा असतो, पडणाऱ्या दगडाच्या खाली कधीच नसतो. ब्लास्टिंगनंतर किंवा मशीनने कटिंग केल्यावर नव्याने उघडं पडलेलं छत, ज्याला ग्रीन रूफ म्हणतात, त्याच्याखाली आधार लागेपर्यंत कोणीही जायचं नाही. तुमचं मशीन तिथे अडकून बंद पडलेलं असलं तरी नाही. आधी टेम्पररी सपोर्ट लागेल, मग बोल्ट, मग तुम्ही. मशीन ओढून आधारलेल्या छताखाली आणता येत असेल तर तेच करायचं, तिथेच बसून दुरुस्तीचा हट्ट नको.

तुमच्या कामाच्या जागेवर पोचलात की बॅग खाली ठेवायच्या आधी लॅम्प वर करून छत बघा. बोल्टची प्लेट छताला चिकटलेली आहे का, वाकलीय का, की मधे फट आहे? छताला नवी चीर दिसते का, चिरेतून पाणी गळतंय का? पिलरच्या बाजूने कोळशाचे तुकडे सुटून खाली ढीग झालाय का? लाकडी ठेपी असेल तर तिचं डोकं चेपलंय का? जुने लोक लाकडाला मानायचे ते यासाठीच की लाकूड मोडायच्या आधी कडकड वाजतं, लोखंड तेवढी सूचना देत नाही. कित्येक ठिकाणी छतात टेल-टेल बसवलेलं असतं, म्हणजे छताचे थर किती सरकले ते रंगाच्या पट्ट्यांवर दाखवणारं साधं यंत्र. ते कुठे आहे आणि कोणता रंग दिसला की निघायचं हे विचारून घ्या.

डीपिलरिंगच्या भागात काम असेल तर जास्तच जपा. गोफमध्ये मोठं छत लटकत राहिलं आणि एकदम खाली आलं की आतली हवा वाऱ्याच्या लोटासारखी बाहेर येते, एअर ब्लास्ट म्हणतात त्याला, माणसाला उचलून फेकते. छत वजन घेतंय असं जुना माणूस म्हणाला, आवाज वाढले, पिलर तडतडायला लागले तर हत्यारं तिथेच टाकून निघायचं. हत्यारं परत मिळतात.

हवा आणि गॅस

मिथेन कोळशातूनच सुटतो, रंग नाही, वास नाही. हवेत साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीने स्फोट होतो, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जोरात. म्हणून नियमाने मर्यादा खूप खाली ठेवल्यात, रिटर्नच्या हवेत ०.७५ टक्के आणि कुठेही १.२५ टक्के. १.२५ च्या वर गेला की तिथली वीज बंद करायची आणि माणसं काढायची. ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली नको, कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यांच्या वर नको. गॅस किती सुटतो त्यावरून थरांचे तीन दर्जे असतात, डिग्री एक, दोन आणि तीन, तिसरी सगळ्यात गॅसची. तुमची खाण कुठल्या डिग्रीची आहे हे विचारणं म्हणजे अगदी पहिला प्रश्न.

आता इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी जरा नीट. मिथेन हवेपेक्षा जवळपास निम्म्याने हलका आहे. हवा मंद असेल तर तो छताला चिकटून पातळ थर करतो, आणि छत पडून वर खळगा झालेला असेल तर त्यात साठून राहतो. तुमच्या कमरेला लावलेला डिटेक्टर शून्य दाखवतोय आणि डोक्यावर दीड हातावर स्फोट होईल एवढा गॅस आहे असं होऊ शकतं. म्हणून माप छताजवळ घ्यायचं, काठीला लावून. दुसरं, साधे कॅटॅलिटिक सेन्सर ऑक्सिजनवर चालतात. ऑक्सिजन कमी झालेल्या जागी ते मिथेन कमी दाखवतात, आणि मिथेन खूपच जास्त असला तरी रीडिंग खाली येतं. बंद पडलेल्या गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या बोगद्याच्या, तोंडाशी असलं माप घेऊन आत डोकावायचं धाडस करू नका. जिथे आडवं कुंपण किंवा क्रॉस लावलेला असेल त्याच्या पलीकडे एक पाऊलही नको, तिथे हवा नसते आणि माणूस दोन श्वासांत पडतो. त्याला काढायला पळत गेलेला दुसराही तिथेच पडतो, हे असंच कितीतरी वेळा झालंय.

कार्बन मोनॉक्साइडचं वेगळं. तो जळण्यातून किंवा कोळसा आतल्या आत तापण्यातून येतो. त्याची मर्यादा ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५०. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून थोडा असला तरी घातक. डोकं दुखायला लागलं, पाय जड झाले, उगाच झोप यायला लागली तर थकवा समजून बसून राहू नका, शेजारच्याला सांगा आणि ताज्या हवेकडे चालायला लागा.

खोल खाणीत उष्णताही असते. जसजसं खाली जाल तसा दगड तापत जातो, त्यात मशीनची उष्णता आणि दमट हवा. नियमाने वेट बल्ब, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचं तापमान, ३३.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि ३०.५ च्या वर गेलं तर हवेचा वेग सेकंदाला किमान १ मीटर पाहिजे. चक्कर, मळमळ, घाम थांबणं ही लक्षणं दिसली की काम बंद करून त्या माणसाला इनटेकच्या हवेत आणायचं.

धूळ

कोळशाची बारीक धूळ उडून हवेत पसरली तर ती स्वतःच स्फोटक असते. आधी गॅसचा छोटा स्फोट होतो, त्याच्या धक्क्याने जमिनीवरची धूळ उडते आणि मग तीच पेटत पेटत अख्खी खाण कापत जाते. २८ मे १९६५ ला धोरी खाणीत असा धुळीचा स्फोट झाला आणि २६८ माणसं गेली. यावर उपाय दोन. एक म्हणजे पाणी मारणं, कटिंगच्या जागी आणि बेल्टच्या ट्रान्सफर पॉइंटवर. दुसरा स्टोन डस्टिंग, म्हणजे चुनखडीची पांढरी भुकटी गॅलरीच्या छतावर, बाजूंवर, जमिनीवर पसरायची, म्हणजे धुळीत न जळणारा भाग कमीत कमी तीन चतुर्थांश राहील. त्यामुळे चांगल्या ठेवलेल्या खाणीच्या गॅलऱ्या पांढऱ्या दिसतात. तुम्ही चालताय ती गॅलरी काळीभोर आहे आणि पावलागणिक धूळ उडतेय असं दिसलं तर सोबतच्या ओव्हरमनला तिथेच सांगा. तुमच्या पॅनलवर, मोटरवर बोटभर धूळ बसली असेल तर काम सुरू करायच्या आधी साफ करून घ्या, झाडून उडवायची नाही, ओलं फडकं. आणि चांगला मास्क लावा, फुफ्फुसात गेलेली धूळ परत बाहेर येत नाही.

पॅनल आणि मोटर: पुण्याच्या इंजिनिअरने सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा

इथे मला जरा जास्तच सांगायचंय, कारण इथे धोका तुमच्याच हातून तयार होऊ शकतो.

कुरकुंभसारख्या एमआयडीसीत केमिकल प्लँटला फ्लेमप्रूफ माल देणारे आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यांना वाटतं की तोच माल खाणीत चालेल. चालत नाही. खाणीसाठी ग्रुप एकची उपकरणं लागतात, कारखान्यांची ग्रुप दोनची असतात. ग्रुप एकमध्ये कोळशाची धूळ बसू शकते अशा पृष्ठभागाचं तापमान १५० अंशांच्या वर जायला नको, बांधणीही दणकट लागते कारण तिथे दगड पडतात. धनबादच्या सिंफरमधल्या, म्हणजे खाणींवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या, टेस्टिंगचा आणि डीजीएमएसच्या मान्यतेचा कागद नसलेला पार्ट, मग तो साधा पुश बटण का असेना, बदलून बसवायचा नाही. हलक्या अॅल्युमिनियमच्या वस्तूंनाही बंधन आहे, कारण गंजलेल्या लोखंडावर अॅल्युमिनियम घासलं गेलं की फार गरम ठिणगी पडते. आपली चकचकीत अॅल्युमिनियमची शिडी पुण्यातच राहू द्या.

फ्लेमप्रूफ पॅनलचं तत्त्व बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. त्यांना वाटतं की आत गॅस शिरतच नाही. शिरतो. आत ठिणगी पडली तर आत स्फोटही होतो. डब्याचं काम एवढंच की तो स्फोट सहन करायचा, आणि झाकण आणि बॉडी यांच्या मधल्या अरुंद, लांब फटीतून बाहेर येताना ज्वाळा इतकी थंड करायची की बाहेरचा गॅस पेटणार नाही. म्हणून त्या फ्लॅंजवर ओरखडा, गंज, रंग, सिलिकॉनचा थर काही नको. सगळे बोल्ट पाहिजेत, सोळा असतील तर सोळा, योग्य टाइट. एक बोल्ट चिखलात पडला आणि सापडला नाही तर पंधरावर झाकण लावून सप्लाय चालू करायचा नाही, नवा बोल्ट येईपर्यंत पॅनल बंद. न वापरलेली केबल एंट्री मान्य असलेल्या प्लगनेच बंद करायची, कापूस-टेपने नाही.

आणि कामाचा क्रम असा ठेवा. आधी सरदाराकडून गॅस टेस्ट करून घ्या, रीडिंग स्वतः बघा. मग खाणीच्या इलेक्ट्रिशियनने सप्लाय गेटएंड बॉक्सपासून, म्हणजे त्या मशीनला वीज देणाऱ्या स्विचच्या डब्यापासून, तोडायचा, तिथे कुलूप आणि पाटी, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. मग टेस्ट करून, अर्थ करून मगच झाकण उघडा. लाइव्ह पॅनल उघडून मीटर लावून फॉल्ट शोधायची सवय वर्कशॉपमध्ये असते, ती खाली उतरताना वरच ठेवून या. फॉल्ट मिळत नसेल तर अख्खं युनिट बदला आणि बिघडलेलं वर आणून खोला. वेळ जातो, जाऊ द्या. काम चालू असताना दर थोड्या वेळाने परत गॅस टेस्ट, कारण वर फॅन थांबला किंवा कोणी दरवाजा उघडा ठेवला तर चित्र दहा मिनिटांत बदलतं.

हॉलेज, बेल्ट, ब्लास्टिंग

दोरीवर टब, म्हणजे कोळशाचे छोटे डबे, ओढणाऱ्या हॉलेज रोडवर टब चालू असताना चालायचं नाही, एवढंच लक्षात ठेवा. दोर तुटून टब सुटले की उतरणीवर थांबत नाहीत, म्हणून बाजूला भिंतीत ठराविक अंतरावर मॅनहोल, म्हणजे माणूस मावेल असे कोनाडे, कोरलेले असतात, घंटी झाली की सरळ त्यात शिरा. दोराच्या वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही.

बेल्ट फक्त पुलावरूनच ओलांडायचा, बंद दिसत असला तरी, कारण तो लांबून कोणीतरी चालू करतं. पुल कॉर्ड, म्हणजे ओढली की बेल्ट थांबतो ती दोरी, कुठे आहे ते आधी बघा. रोलरवाल्या कंपन्यांच्या पोरांना खास सांगणं: जाम झालेला रोलर घासून लाल होतो आणि त्याच्याखाली साठलेली कोळशाची चूर पेटते, बेल्टच्या आगी अशाच लागतात. चालू बेल्टचा रोलर बदलायचा नाही आणि बदलून झाला की खालची चूर उचलल्याशिवाय काम संपलं असं समजायचं नाही.

ब्लास्टिंग असलं की शॉटफायरर, म्हणजे सुरुंग उडवणारा, सगळ्या वाटांवर माणूस उभा करतो. त्याने अडवलं की अडायचं. धूर निघून गेल्यावर तो स्वतः तपासून येतो, मगच बाकीचे.

पाणी आणि आग

चासनालाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळची खाण, वरच्या जुन्या कामात साठलेलं पाणी मधला अडसर फुटून खाली घुसलं आणि ३७५ माणसं बुडाली. जुनी बंद पडलेली कामं पाण्याने भरलेली असतात आणि नकाशे कधी कधी अपुरे असतात. म्हणून असल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत डीजीएमएसच्या परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि पुढे आधी लांब बोअर मारून बघतात. आपल्याकडे चंद्रपूर-वणी पट्ट्यात वर्धा, इरई, पैनगंगा या नद्या, पावसाळ्यात त्यांना पूर येतो, त्यामुळे खाणीचं तोंड नोंदलेल्या सगळ्यात मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर उंच असावं लागतं. तुमचं पंपाचं काम पावसाळ्यात निघालं तर नदीच्या पातळीवर कोण लक्ष ठेवून आहे आणि खाली निरोप कसा येणार हे विचारूनच उतरा. कोरड्या फेसला अचानक ओल आली, पाण्याला कुजका वास आला, बोअरमधून जोराने पाणी यायला लागलं तर चढाच्या दिशेने निघा.

कोळसा हवेतला ऑक्सिजन घेऊन आपोआप तापतो, विशेषतः गोफमध्ये राहिलेला चुरा. सुरुवातीला भिंतींना घाम आल्यासारखं दमट होतं, मग धुरकट हवा, मग रॉकेलसारखा वास. कार्बन मोनॉक्साइडचं रीडिंग रोज थोडं थोडं वाढत जातं, आणि एका आकड्यापेक्षा हे वाढणंच महत्त्वाचं. अशा जागा पक्क्या भिंती बांधून, म्हणजे स्टॉपिंग घालून, बंद करतात. स्टॉपिंगला टेकून बसू नका, तिच्यातून नळी बाहेर आलेली असते तिच्या झाकणाला हात लावू नका.

काही झालंच तर

धूर दिसला, स्फोटाचा आवाज झाला किंवा हवेची दिशा एकदम बदलली तर आधी सेल्फ रेस्क्यूअर लावायचा, मग बाकी सगळं. सील तोडा, झाकण काढा, माउथपीस दातांत घट्ट धरून ओठ बंद करा, नाकाला क्लिप लावा, पट्टा मानेत घाला. त्यात पोटॅशियम सुपरऑक्साइड असतं, तुमच्या श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन देतं, त्यामुळे आत येणारी हवा गरम आणि कोरडी लागते. ते बरोबर चाललंय याचीच ती खूण आहे, घाबरून काढू नका. बोलायचं नाही, खुणेने सांगायचं. साधारण ३० मिनिटांचा असतो, चालण्याच्या वेगाला. पळालात तर लवकर संपतो, शांत बसलात तर जास्त टिकतो. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, बेल्ट किंवा पाइपलाइन हाताने चाचपत, सरदारामागे निघा.

रस्ता अडला असेल तर ताजी हवा मिळेल अशा उंच जागी एकत्र बसा, लॅम्प एकाच वेळी एकच चालू ठेवा, पाइपवर किंवा बोल्टवर ठोकत राहा. बाहेरून माणसं शोधतच असतात. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी घुसलं तेव्हा अडकलेल्यांनी उंच जागा धरली होती, वरून बोअर मारून त्यांच्यापर्यंत आधी संपर्क आणि खाणं पोचवलं, मग मोठं बोअर करून त्यातून लोखंडी कॅप्सूल सोडली आणि जसवंत सिंग गिल स्वतः त्यातून खाली उतरले. ६५ माणसं एकेक करून जिवंत वर आली. विदर्भातल्या खाणींसाठी नागपूरला रेस्क्यू स्टेशन आहे, ऑक्सिजन सेट घालून आत जाणारी शिकलेली माणसं असतात. शोधायला आत जाणं हे त्यांचं काम, तुम्ही वर पोचलात की परत आत शिरायचं नाही, कोण कुठे होतं ते नीट सांगायचं.

वर आल्यावर

खाली जे खटकलं ते ओव्हरमनला सांगून त्याच्या रजिस्टरमध्ये लिहायला सांगा, तुमच्या सर्व्हिस रिपोर्टमध्येही लिहा: फलाण्या गॅलरीत बोल्टची प्लेट वाकलेली, फलाण्या पॅनलचा बोल्ट कमी होता तो बदलला. काम अपुरं राहिलं असेल तर का राहिलं ते स्पष्ट लिहा, गॅस होता म्हणून थांबवलं असं लिहायला लाजायचं काहीच कारण नाही, आणि पुण्यात बसलेल्या मॅनेजर लोकांना माझी विनंती आहे की व्हिजिट ठरवताना एक दिवस जास्तीचा धरूनच तिकीट काढा.

शेवटी लॅम्परूम. लॅम्प आणि सेल्फ रेस्क्यूअर स्वतः जमा करा आणि नावापुढे नोंद झालेली बघा. दुसऱ्या तोंडाने बाहेर आला असाल तर तिथूनच लॅम्परूमला फोन करून कळवा आणि मग जमा करायला जा. शिफ्ट संपल्यावर एक लॅम्प कमी भरला की खाली माणूस राहिलाय असं धरून पाच-सहा जणांना परत आत पाठवतात, तुम्ही तेव्हा गेस्टहाउसवर अंघोळ करत असलात तरी.